दुसऱ्या अंकातली बाटली

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर कुणीही नाही. बिबवेवाडीतल्या एका सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावरची बाहेरची खोली. उजव्या हाताला खिडकी, तिच्या गजांमधून रविवारी दुपारी तीनचं ऊन येऊन फरशीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडलेलं. डाव्या हाताला सोफा, त्याच्या पाठीवर विणलेलं पांढरं कापड. मागच्या भिंतीवर माझेच दोन जुने फोटो, एकात मी राजा, एकात दिवाण. मधोमध टीपॉय. टीपॉयवर एक खोका, आणि सगळा प्रकाश त्या खोक्यावर.

दारावरची बेल वाजते. प्रवेश रामदास ओव्हाळ. वय सहासष्ट, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, पायांत धुळकट सँडल, खांद्याला शबनम पिशवी. येरवड्याहून स्वारगेट आणि स्वारगेटहून बिबवेवाडी अशा दोन बस करून आलेला. तो नमस्कार करत नाही, पाणी मागत नाही. सरळ खोक्यापाशी जातो, चष्मा कपाळावर चढवतो आणि म्हणतो,

"पडदा चुकीचा लावलाय."

ही गोष्ट २००६ सालची. आणि ही गोष्ट माझी नाही, रामदासची आहे. मी तिच्यात आहे, पण प्रमुख भूमिकेत नाही, हे या वयात मला जड जात असलं तरी मान्य आहे.

नाटकात पात्रांच्या हाताला जे जे लागतं, तलवारीपासून टाचणीपर्यंत, त्याला आम्ही प्रॉपर्टी म्हणतो. रामदासने बत्तीस वर्षं आमच्या कंपनीची प्रॉपर्टी सांभाळली. दिवसा एका छापखान्यात बाइंडिंग करायचा आणि संध्याकाळी थिएटरवर यायचा. खोटी पत्रं तो लिहायचा, खोटी फळं तो रंगवायचा. एका प्रयोगाला पिस्तूल वाजलं नाही, तर विंगेत फळीवर फळी आपटून त्यानेच खलनायकाला मारलं. पण नाटकाच्या जाहिरातीत नटांची नावं असत, लेखकाचं असे, आमचे कपडे धुणाऱ्या लाँड्रीचंही एकदा आलं होतं. रामदासचं कधी आलं नाही. त्याने कधी मागितलंही नाही.

त्याची सगळ्यात नाजूक कामगिरी म्हणजे दारू. आमच्या एका नाटकात मी दिवाणाचं काम करायचो. दुसऱ्या अंकात हा दिवाण चार पेले पितो, पाचव्याला रडतो आणि घराणं बुडवतो. त्या नाटकाचे बारा वर्षांत सहाशेच्या वर प्रयोग झाले. सहाशे प्रयोगांना दारू पुरवली रामदासने. कोरा चहा, त्यात काळपट होईपर्यंत जाळलेला गूळ, दोन लवंगा, ठेचलेली मिरी, आणि तलम फडक्यातून दोनदा गाळून घेतलेलं. प्रत्येक प्रयोगाला ताजी किटली. थिएटर बदललं की दिवे बदलतात, दिवे बदलले की रंग बदलतो, म्हणून तो आधी दिव्याखाली पेला धरून बघायचा आणि मग गूळ कमीजास्त करायचा.

बाटली मात्र खरी होती. परदेशी. एका डॉक्टरांनी विलायतेहून आणलेली आणि रिकामी झाल्यावर कंपनीला भेट दिलेली. ती बाटली नायिकेच्या दागिन्यांपेक्षा जपली जायची, कारण दागिने खोटे होते. तिचं लेबल रामदासने चार वेळा हाताने पुन्हा काढून चिकटवलं. पुढे ब्याण्णव-त्र्याण्णवनंतर बाजार खुला झाला आणि तसल्या बाटल्या भंगारवाल्याकडे टोपलीने मिळायला लागल्या. रामदास तेव्हा मला म्हणाला होता, "आप्पासाहेब, आता नाटकात श्रीमंत कसा दाखवायचा हो?"

तर तो खोका. माझा नातू तेजस आमच्याकडे राहून हिंजवडीला नोकरीला जायचा. कंपनीने त्याला सात महिने अमेरिकेत, केंटकी नावाच्या प्रांतात पाठवलं होतं. येताना त्याने आजीसाठी शाल आणली आणि माझ्यासाठी हे. पुठ्ठ्याचा खोका, पण दर्शनी बाजूला आख्खं थिएटर. सोनेरी छपाईचे तळदिवे, लाल मखमली कागदाचा पडदा, बाजूला दोरी. दोरी ओढली की पडदा सरकतो आणि आत रंगवलेल्या राजवाड्यापुढे बाटली उभी. लेबलवर इंग्रजीत 'दुसरा अंक' अशा अर्थाचं नाव, आणि खाली पेनाने लिहिलेला आकडा, अकरा.

"आबा, हे बघितलं आणि तुम्हीच आठवलात," तेजस म्हणाला होता. "एवढी वर्षं स्टेजवर दारुडा! तुमच्यासाठी याच्याहून परफेक्ट गिफ्ट असूच शकत नाही. रविवारी आपण टेस्टिंग करू. तुम्ही एक्स्पर्ट ओपिनियन द्यायचं."

मंदाकिनी, म्हणजे आमची सौभाग्यवती, तेव्हा भाजी निवडत होती. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ पुढे येईलच. मी घाबरून रामदासला फोन लावला होता. नटाला घाबरल्यावर विंगेकडेच बघायची सवय असते.

"मुख्य पडदा दोन्ही बाजूंना जातो," रामदास आता सांगत होता. "हा एकाच बाजूला गोळा होतोय. म्हणजे डावीकडच्या प्रेक्षकाला बाटली आधी दिसणार आणि उजवीकडचा ताटकळणार. वहिनी, सुईदोरा आहे?"

मंदाकिनीने सुईदोरा दिला. "भावजी, आधी पाणी तरी प्या."

"पितो. हे झालं की."

तेजस अंघोळ करून बाहेर आला तेव्हा एक अनोळखी म्हातारा त्याच्या अमेरिकन खोक्याचं पोट फाडून बसलेला होता. तो दचकला. मी ओळख करून दिली. रामदासने मान वर न करता विचारलं, "केवढ्याला?"

"अठ्ठावीस डॉलर. तशी स्वस्तातलीच आहे, काका. तिकडे महागातली खूप महाग असते. आमचा ऑफिसचा ग्रुप आहे, आम्ही नेटवर एक पान चालवतो. स्वस्तातली कुठली बाटली बॅगेत घालून आणण्यासारखी आहे, ते लिहायचं. मार्क द्यायचे. हिच्यावर मला लिहायचंय."

"पुठ्ठा हलका वापरलाय," रामदास म्हणाला. "कोपऱ्याला कापड लावलेलं नाही. दहा वेळा उघडला की फाटेल. पण छपाई चांगली. खोक्याला दहापैकी पाच लिही."

तेजसने खरंच वही काढली आणि लिहिलं. मग त्याने आम्हाला समजावून सांगितलं की ही बर्बन. मक्यापासून करतात. आतून जाळलेल्या नव्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं ठेवतात. आणि ही स्मॉल बॅच, म्हणजे मोजक्या पिंपांतली एकत्र करून थोडीथोडी काढलेली. तो अकराचा आकडा म्हणजे अकरावी बॅच.

"थोडीथोडी म्हणजे किती?" रामदासने विचारलं.

"काही हजार बाटल्या असतील."

"आमची एक किटली असायची," रामदास म्हणाला आणि दोरा दाताने तोडला. त्याने दोरी ओढली. पडदा मधोमध दुभंगून दोन्ही बाजूंना सारखा सरकला. मंदाकिनीने टाळ्या वाजवल्या.

दारूचे पेले आमच्या घरात नव्हते. सरबताचे काढले. तेजसने बोटभर बर्बन ओतली आणि खोलीत एक वास पसरला. तो वास मला फार ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना. तेजस पेल्यात नाक घालून बोलू लागला, "व्हॅनिला आहे. मग कॅरमेल. थोडं लेदर. मागे कुठेतरी तंबाखू..."

"चामडं?" मी म्हणालो. "प्यायच्या वस्तूत?"

"म्हणजे चांगल्या अर्थाने, आबा."

"चामड्याचा चांगला अर्थ काय?" मंदाकिनी स्वयंपाकघरातून म्हणाली.

रामदासने पेला हातात घेतला. नाकाखाली धरला, डोळे मिटले. मग बोटाच्या टोकाने एक थेंब उचलून मनगटावर चोळला आणि पुन्हा हुंगला.

"मिशी," तो म्हणाला.

आणि मला आठवलं! खोट्या मिश्या आम्ही ज्या डिंकाने चिकटवायचो, तो स्पिरिटमधला डिंक. मेकअपच्या खोलीत आरशापुढे बसलं की हाच वास. ओठांवर गार लागायचा, मग ताणून बसायचा. रात्री मिशी काढताना कातडी ओढली जायची. चाळीस वर्षं मी या वासात तोंड घालून बसलो होतो.

"मिशी लिहू?" तेजसने विचारलं. तो चेष्टा करत होता की नाही, मला सांगता येणार नाही.

"लिही," रामदास म्हणाला. "वासाला सहा."

मग त्याने शबनम पिशवीत हात घातला आणि एक थर्मास बाहेर काढला. जुना, निळा, झाकणाला दोरी बांधलेला. तो त्याने बाटलीच्या शेजारी ठेवला. थर्मासच्या मागोमाग एक घडी घातलेला गुलाबी कागद निघाला. तो त्याने माझ्या हातात दिला.

एका नाट्यशिबिराचं पत्रक होतं. पुढच्या शनिवारी सकाळी दहा वाजता, 'रंगमंचावरील वस्तू : काही युक्त्या', मार्गदर्शक श्री. रामदास ओव्हाळ. नाव ठळक अक्षरांत. छापलेल्या कागदावर त्याचं नाव मी पहिल्यांदा पाहत होतो. तोही, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं.

"पोरं दारू कशी करायची ते विचारणार," तो म्हणाला. "सगळे तेच विचारतात. आता मला एक कळलं पाहिजे, आप्पासाहेब. मी काही पीत नाही, तुम्हाला माहीत आहे. वडिलांबरोबर पंचशील घेतलं तेव्हा सोळा वर्षांचा होतो, स्वतःच्या तोंडाने म्हटलंय. त्यामुळे खरी कशी लागते ते मला कधीच कळलं नाही. मी सगळं केलं ते तुम्हाला विचारून. तुम्ही म्हणालात हुबेहूब, तेव्हा मी थांबलो. पण तेव्हा प्रयोग चालवायचा होता, तुम्ही बरं वाटावं म्हणूनही म्हणाला असाल. आता नाटक नाही, काही नाही. सकाळी ताजी करून आणलीय. दोन्ही शेजारी शेजारी पिऊन सांगा. खोटं असेल तर मी पोरांपुढे उभा राहणार नाही. नाव छापलंय तरी."

त्याने थर्मासमधून दुसऱ्या पेल्यात ओतलं. खिडकीतल्या उन्हात दोन्ही पेले शेजारी शेजारी. रंगात केसभर फरक नव्हता. तेजस खाली वाकून बघत राहिला. "ओह शिट," तो म्हणाला, आणि आजीकडे बघून "सॉरी" म्हणाला.

आता मंदाकिनीच्या त्या पाहण्याचा अर्थ सांगतो. मी आयुष्यात दारू प्यालेलो नव्हतो. एक थेंबही नाही. माझे वडील दारूने गेले. मी नाटक कंपनीत निघालो तेव्हा आईने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला होता. पण दिवाणाचं काम गाजलं आणि लोक म्हणू लागले, हा प्यायल्याशिवाय एवढं कसं करेल! माझी बदनामी झाली आणि मला ती फार आवडली. ते मला पारितोषिकासारखं वाटायचं. त्यामुळे रामदास जेव्हा पहिल्या वर्षी किटली घेऊन आला आणि म्हणाला, "तुम्हाला माहीत असेल, चाखून सांगा," तेव्हा मी ओठ मिटून, डोळे बारीक करून विचार केला आणि म्हणालो, "जमलंय. फक्त घसा पकडत नाही." घसा पकडतो हे मी मेकअपच्या खोलीत कुणाकडून तरी ऐकलेलं होतं. पुढच्या प्रयोगाला त्याने मिरी वाढवली. दरवर्षी मी काहीतरी जाणकारासारखं बोलायचो आणि दरवर्षी तो मिरी वाढवायचा. न पिणारा माणूस न पिणाऱ्या माणसाला विचारून दारू करत होता, आणि हे दोघांपैकी एकालाच माहीत होतं.

मी सोफ्यावरून उठलो. काय करावं ते मला सुचेना, आणि काही सुचलं नाही की मी अभिनय करतो. मी बर्बनचा पेला उचलला. कोन असा धरला की हाताआड ओठ झाकले जावेत. मान मागे टाकली, घशाचा मणी वर-खाली केला, पेला खाली आणला, डोळे घट्ट मिटले आणि श्वास सोडला. मग चहाच्या पेल्याचंही तसंच. थोडा थांबलो. आणि म्हणालो,

"हुबेहूब, रामदास. उन्नीस-बीस."

रामदास टीपॉयजवळ गेला आणि डोळे पेल्यांच्या पातळीला येतील असा गुडघ्यावर बसला.

"आप्पासाहेब," तो म्हणाला, "चार पेल्यांत तुम्ही किती पिता ते सहाशे वेळा विंगेतून मोजलंय मी. पुढच्या वेळी किती भरायचं ते कळावं म्हणून. ह्या दोन्ही पेल्यांतली पातळी होती तेवढीच आहे."

तेजसने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या दिवाणाकडे पाहिलं. तोही कामाला आला नाही.

"सांगून टाका आता," मंदाकिनी दारात येऊन म्हणाली. "आयुष्यभर चहा पिऊन बदनाम झालात."

मी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, वाक्य कुठेही न तोडता. आईचं सांगितलं, घसा पकडण्याचं सांगितलं. रामदास फरशीवर बसूनच ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने चष्मा कपाळावरून खाली डोळ्यांवर घेतला, जणू मी त्याला नीट दिसत नव्हतो.

"म्हणजे मिरी?" तो म्हणाला.

"कुठली मिरी?"

"चार दाण्यांवरून अकरावर नेली मी. तुमच्या सांगण्यावरून. ती कुणासाठी?"

त्याच क्षणी माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी शिरलं आणि मी गोंधळलो. पाचव्या पेल्याला दिवाणाचा घसा दाटून येतो, डोळ्यांत पाणी येतं, आवाज फाटतो. त्या प्रसंगासाठी मला चषक मिळालेला होता. कपाटात आहे अजून. त्यातलं माझं किती आणि मिऱ्यांचं किती? मी मंदाकिनीकडे बघितलं. "मला काय विचारता," ती म्हणाली, "मी पहिल्या रांगेत बसून रडायचे. अकरा दाण्यांवर रडत होते हे आज कळलं."

मग मी ते केलं जे करायला नको होतं की हवं होतं, अजून मला ठरवता येत नाही. आईला जाऊन तीस वर्षं झाली होती. मी बर्बनचा पेला उचलला, या वेळी हात बाजूला ठेवून, आणि खरंच एक घोट घेतला.

आधी गोड लागलं. गुऱ्हाळावर कढईच्या काठाला जो गूळ करपतो, त्याच्यासारखं. मग ताजा रंधा मारलेल्या फळीसारखं, सेट उभा करताना सुताराच्या हाताखालून भुसा उडतो तसं. मग मिशी. मी वाट बघत होतो की आता घसा पकडेल. घशाने काही केलं नाही. तो घोट सरळ खाली गेला आणि छातीत जाऊन तिथे हळूहळू पेटला. मला खोकला आला नाही, पाणी आलं नाही. मी नुसता उभा होतो. इतक्या वर्षांत मी दिवाणाला जे जे करायला लावलं, त्यातलं मला काहीही होत नव्हतं.

"सांगा," रामदास म्हणाला.

"घशात लागत नाही रे," मी म्हणालो. "छातीत लागते. गूळ तुझा बरोबर आहे. बाकी... मला कळत नाही, रामदास. चांगली आहे की वाईट तेही कळत नाही. मी कशाशी तुलना करू? माझ्या जिभेला दारू म्हणजे तुझीच."

रामदासने तेजसपुढे चहाचा पेला सरकवला. "तू पितोस. तू सांग."

तेजसने घोट घेतला. त्याचं तोंड असं काही वाकडं झालं की मला माझ्या दिवाणाचा पाचवा पेला आठवला. तो खोकला. डोळ्यांत पाणी आलं. घसा खाकरून त्याने आवाज शोधला.

"काका, रंग एकदम सेम. पण सॉरी, हा काढा आहे. सर्दीला जबरदस्त."

"बारा वर्षांत यांना सर्दी झाली नाही, ते खरं," रामदास म्हणाला.

तो उठला, तेजसने ओतलेला बर्बनचा पेला त्याने हातात घेऊन गोल फिरवला. काचेवर दाट थेंब जमले आणि सावकाश ओघळले. मग त्याने स्वतःचा चहा फिरवला. चहा काचेवरून सरळ निसटला. "हे मला कुणी सांगितलं नाही," तो पुटपुटला. "पाक जरा घट्ट केला असता तर जमलं असतं. पहिल्या रांगेतून दिसतं हे."

मग तो पेला त्याने ओठांपर्यंत नेला. मला ओरडून सांगायचं होतं, पिऊन टाक, एकदाच कळू दे. आणि मला हेही ओरडायचं होतं, पिऊ नकोस. जन्मभर ज्याची नक्कल केली ती वस्तू त्याच्या ओठांपासून दोन बोटं लांब होती, आणि खऱ्या-खोट्याची तुलना करू शकेल असा जाणकार त्याच्याशिवाय त्या खोलीत कुणी नव्हता.

त्याने पेला खाली ठेवला. अगदी हळू, प्रयोगाआधी ठरलेल्या खुणेवर ठेवायचा तसा.

"सोळाव्या वर्षी म्हटलेलं वाक्य आहे," तो म्हणाला. "मी नट नाही. मला वाक्य बदलता येत नाही."

तेजसने वही पुढे केली. "काका, टोटल किती देऊ?"

"खोक्याला पाच, वासाला सहा, रंगाला नऊ. चवीच्या जागी रेघ मार."

"रेघ?"

"रिकामी जागा सोड. सगळं भरायलाच पाहिजे असं कुठे आहे?"

तेजसने त्या पानावर खरोखर तसंच लिहिलं, मिशीसकट. पुढे तो सांगत होता की अमेरिकेतल्या कुणीतरी खाली विचारलं, ही मिशी कुठल्या जातीच्या लाकडातून येते.

रामदासने थर्मास धुऊन मागितला. मी त्याला खाली सोडायला गेलो. बस येईपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो होतो आणि मी तीनदा "रामदास" म्हटलं, पण पुढचं वाक्य काही येईना. बस आली. तो चढला. शनिवारी शिबिराला जाणार की नाही हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

तो गेला होता. तिथे काय झालं हे मला नंतर कळलं. त्या शिबिरातली चैताली नावाची मुलगी मला पुढे एका नाटकाच्या तालमीत भेटली. ती म्हणाली, ओव्हाळसरांनी फळ्यावर पहिलंच वाक्य लिहिलं, 'चव कशी झाली ते नटाला विचारू नका.' सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. मग दुसरं वाक्य लिहिलं, 'काचेवर थेंब थांबला पाहिजे.' आणि पाक किती घट्ट करायचा ते दोन वेळा करून दाखवलं. किटली त्यांनी घरून आणली होती. त्या मुलांनी रामदासला उभं राहून टाळ्या दिल्या. मला त्याबद्दल असूया वाटली, आणि ती मी लपवत नाही.

मी स्वतः त्या टाळ्या ऐकल्या नाहीत, कारण शिबिराच्या दिवशी सकाळीच आम्ही दोघं बंगळूरला मुलाकडे निघालो होतो, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. चार महिने तिकडे राहिलो. परत आलो तेव्हा रामदास जाऊन अकरा दिवस झाले होते. येरवड्याला गेलो. त्याच्या मुलीने, पूर्वाने, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंखाली ते गुलाबी पत्रक चौकट करून लावलं होतं. चौकट चांगल्या पुठ्ठ्याची होती, कोपऱ्यांना कापड लावलेलं. ती त्यानेच केली असणार.

बाटली अजून आहे. तेजस लग्न होऊन बाणेरला गेला, आणि त्या दिवशीच्या एका पेल्यातली सोडली तर बाकी सगळी तशीच आहे. मी कधीतरी दोरी ओढतो. पडदा दोन्ही बाजूंना सारखा जातो.

आमचं शेवटचं बोलणं झालं ते शिबिराच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी. मी बॅग भरत होतो. फोन वाजला. पलीकडे रामदास. इकडचं तिकडचं काही नाही.

"आप्पासाहेब, खरं सांगा. अकरा दाणे जास्त व्हायचे का हो?"

मी बॅगेवर बसलो. सहाशे प्रयोगांत त्याने मला हा प्रश्न असा कधीच विचारला नव्हता. तो नेहमी विचारायचा, खऱ्यासारखी झालीय का. आणि मला कधी सुचलं नव्हतं की त्याला माझ्या घशाबद्दल सांगावं. दर प्रयोगानंतर मी मंदाकिनीकडून खडीसाखर घेऊन चघळत घरी यायचो, बोलता यायचं नाही, आणि त्यालाच मी अभिनयाचा थकवा म्हणायचो.

"व्हायचे," मी म्हणालो. "फार व्हायचे, रामदास. घसा सोलून निघायचा."

पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

"मग पोरांना चारच सांगतो."